गाडी झकास आहे म्हणे!

"गाडी एकदम झकास आहे की ओ साहेब. उगीच टेन्शन घेऊलालाय तुम्ही."

काल तिसऱ्या गॅरेजात ऐकलं हे. तिसऱ्या! बेळगावच्या ऑटो नगरात भर दुपारी माझी कॅम्पर व्हॅन चालू, आरपीएमचा काटा 800 वर असा पडलेला, जणू बाळ दूध पिऊन झोपलंय. तासाभरापूर्वी हीच बया हत्तरगी टोलला न्यूट्रलमध्ये उभी असताना 1300 वर किंचाळत होती. मागचा ट्रकवाला हॉर्नवर कोपर टेकून झोपला असावा.

मिस्त्रीनं स्कॅनर लावला. "एक पण कोड नाही." कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, फॉल्ट नाही म्हणजे गिऱ्हाईकच येडं. पाचशे रुपये मात्र मोजून घेतले. मग मी क्रूझ कंट्रोलचं काढलं, म्हणजे पाय न देता गाडी एकाच वेगानं पळवणारं ते बटण. 80 वर लावलं की खड्डा येईतो चालतं, खड्डा आला की सुटतं. तर हा गृहस्थ चहाचा घोट घेतो, शेजारच्या पोराकडे बघतो आणि म्हणतो, "क्रूझ कशाला ओ पाहिजे? जांबोटीच्या रोडला लावणार काय?" पोरगं हसलं. टायर बदलायला आलेला माणूस, ज्याचा काही संबंध नाही, तोही हसला. अरे, तवंदी घाट सोडला तर निपाणीपर्यंत हायवे आहे, पाय जरा सैल सोडून बसावं एवढीच हौस. त्यात हसण्यासारखं काय?

पहिल्यानं ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काढून काजळी धुतली. 2800 रुपये. दुसऱ्यानं डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली आणि वर "सगळ्याच गाड्यांना असतंय" म्हणाला. या वाक्याची मला भयंकर चीड आहे. डॉक्टर म्हणतो का, सगळ्यांनाच असतंय? आणि विषय निघालाच आहे तर तो सुतार. उजवं वळण आलं की त्यानं केलेला कप्पा उघडतो आणि डाळीचा डबा माझ्या खांद्यावर.

क्रूझचं कारण मी स्वतः शोधलंय बरं का. परवा रात्री भाचा बाइकवर मागून येत होता. काकतीला थांबलो तर म्हणतो, "मामा, सारखा ब्रेक कशाला मारूलालाय?" माझा पाय ब्रेकवर नव्हताच! दर हादऱ्याला मागचा लाल दिवा लुकलुकतोय. म्हणजे पेडलवरचा ब्रेक स्विच ढिला. गाडीला वाटतं ब्रेक दाबला, क्रूझ सोडून देते. हे आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला कळलं. मिस्त्रीला सांगितलं तर, "दिवे लागतात न्हवं? मग झालं."

तणतणत घरी निघालो. फाटकाशी आलो आणि इंजिन परत 1300. मी स्टिअरिंगवर थाप मारली. बायको शांतपणे खाली वाकली. "अहो, ही चटई रेसवर चढलीय."

चटई. खडे बाजारातून मीच आणलेली, जाड, काठाला लाल गोंडे. गाडीत शिरताना घर वाटावं म्हणून. तिची कड दुमडून अॅक्सिलरेटरवर अर्धा बोट चढून बसायची. आणि तिन्ही गॅरेजांत पोरं पहिलं काम काय करायची, तर मळू नये म्हणून चटई काढून मागे ठेवायची आणि खाली पेपर अंथरायची. मग गाडी झकास असणारच की! जाताना मीच परत चटई नीट अंथरून, वरून थापटून घ्यायचो.

फुकट धुतलेल्या त्या ईजीआरबद्दल आता कुणाला बोलू? घाटात पेडल अडकलं असतं तर, हे आठवून रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो, ते वेगळंच.

पण ब्रेक स्विचचं माझं म्हणणं खरंच होतं! ते आज कुणीतरी कबूल करेल म्हणून पार्ट घ्यायला गेलो. बेळगावातला दुकानदार म्हणाला, "हे कोल्हापुरातच मिळंल." कोल्हापूरला फोन लावला. त्यानं पहिला प्रश्न केला, "पासिंग कुठलं?" म्हटलं, केए 22, बेळगावचंच.

"मग बेळगावातच बघा की."

1956 ला राज्यं वाटली आणि बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिलं, तेव्हापासून आम्ही हेच ऐकतोय. स्विच अजून मिळालेला नाही.