पाच कोटींचं घंगाळ

शनिवारी मालवणच्या भरबाजारात मी तांब्याचं घंगाळ पोटाशी धरून उभा होतो. कानशिलं अजून तापलेली आहेत.

घंगाळ आजीकडचं. वाटणीत चुलतभावाने झोपाळा नेला, समया नेल्या आणि "हे तू घे, आमच्या ब्लॉकमध्ये जागा नाही" म्हणत हे माझ्या गळ्यात मारलं. काठावर ठोक्याठोक्यांनी पणजीचं नाव घातलेलं, पुढे शके १८४२. म्हणजे १९२०. शंभरी उलटलेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, हे मी आदल्या रात्री मोबाइलवर वाचलं. मग लंडनच्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, या काळजीने झोप लागेना. उठून घंगाळ आमसुलाने लख्ख घासलं. तांब्यावरचा जुना काळपट थर घासला की जाणकार पाठ फिरवतात, हेही तिथेच लिहिलं होतं, पण खाली. एवढं खाली कोण वाचतो?

भांडीवाल्याने पणजीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घंगाळ उपडं करून काट्यावर टाकलं. "सहा किलो दोनशे. कड्यो पितळेच्यो, त्यो वजा. बुडाक डाग दिलेलो, तो वजा. मोडीचे तीन हजार."

"अहो, नाव तरी बघा."

"नाव घातलेला भांडा कोण घेतलो?"

इतक्यात कुकरची शिट्टी बदलायला आलेले एक आजोबा पुढे झाले. कॉलरला मागे छत्री अडकवलेली. त्यांनी घंगाळावर टिचकी मारली, कान लावला, डोळे मिटले. आतून पणजी काही सांगत असावी, असा चेहरा.

"इकू नको! ह्यां राईस पुलर असा."

"काय?"

"तांदूळ वडता. ईज पडलेल्या तांब्यात इरिडियम येता. मुंबैची पार्टी पाच कोटी मोजता."

"आजोबा, तांबं चुंबकाला दाद देत नाही, ते तांदूळ काय ओढणार?"

"तुका कोणी शिकयल्यान?"

माझ्या बी.एस्सी.ची वाट एवढ्या थोडक्यात आजवर कोणी लावली नव्हती. समोरच्या वाण्याकडे ऑर्डर गेली. "उकडो नको, सुरय दी. उकडो जड जाता!" फळीवर सात दाणे मांडले गेले. माणसं जमली. बांगड्यांची पाटी घेऊन चाललेली एक बाई पाटी खाली ठेवून उभी राहिली. आजोबांनी घंगाळ दोन्ही कड्यांना धरून आरतीच्या संथपणाने खाली आणलं, टेकवलं, उचललं.

एक दाणा बुडाला चिकटला होता.

"वडल्यान!"

"आमसूल आहे हो ते! मी नीट धुतलं नाही!" मी ओरडलो. ऐकतो कोण? दोघांनी फोटोसुद्धा काढले.

हसायला ठीक आहे. पण याच राईस पुलरच्या नादाने माणसं लाखांना बुडाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. आधी परीक्षणाची फी, मग शास्त्रज्ञाचा खर्च, मग त्याच्या अंगात घालायच्या खास सूटचे पैसे. टोळी पकडली जाते, दुसरी उगवते. आणि पणजीचं नाव? त्या गर्दीत ते एकानेही वाचलं नाही. तीन पिढ्यांच्या बाळंतिणी आणि बाळं या घंगाळातल्या ऊन पाण्याने न्हाली. त्याला भाव नाही, चिकटलेल्या दाण्याला पाच कोटी.

वाण्याने तांदळाचे वीस रुपये मात्र माझ्याकडूनच घेतले. रिक्षावाल्याने घंगाळाचे वेगळे.

संध्याकाळी डोंबिवलीहून चुलतभावाचा फोन. तब्येत वगैरे विचारून झाली. मग म्हणाला, "ते घंगाळ तसं आपण वाटणीत धरलं नव्हतं, नाही का?"

"गणपतीला येशील तेव्हा अर्धं कापून ने."

तो जरा वेळ गप्प राहिला.

"आणि कड्या?"