विकतचा गंज

दोन महिने खपून मळवलेलं माझं इंजिन परवा बायकोच्या मावशींनी अर्ध्या तासात लख्ख करून ठेवलं.

मळवलेलंच. शब्द चुकलेला नाही. नॅरोगेज वाफेच्या इंजिनाचं मॉडेल खोक्यातून निघतं ते नव्या पातेल्यासारखं चकचकीत. आम्हा छांदिष्टांना ते बघवत नाही. कोळसा खाऊन घाट चढणारं इंजिन असं कसं दिसेल? मग आम्ही कानस, करवत आणि चिमटा घेऊन बसतो. माझ्या इंजिनाची चाकं आणि मोटर एन गेजच्या, म्हणजे ९ मिलिमीटरच्या रुळांवर धावणाऱ्या मॉडेलांतल्या, एका शंटरची (डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या छोट्या इंजिनाची), वरचं धड थ्रीडी प्रिंट केलेल्या रेझिनचं, धुराडं तिसऱ्याच किटमधलं आणि कठडा ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेचा. पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेच्या बी क्लास वाफेच्या इंजिनांच्या वळणाची. पुढच्या बफर बीमवर, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या आडव्या पट्टीवर, बसलेला, रुळांवर रेती टाकणारा २२ मिलिमीटरचा माणूस. या सगळ्यावर काजळी, गंज आणि टाकीवरून ओघळलेल्या क्षारांचे पांढरे डाग, एकेक करून, पावडरीने. वर वार्निश मुद्दाम मारलं नव्हतं, कारण वार्निशखाली पावडरीचा रंग विझतो. तिथेच घात झाला.

"जावईबापू, तुमची ती झुकझुक गाडी पुसून ठेवली हं. काय तो अवतार झाला होता!"

मी फळीकडे पाहिलं. हिरवंगार इंजिन. कठडा एका बाजूने उपटलेला.

"मावशी, ती धूळ नव्हती हो."

"मग काय होतं?"

"काजळी. आणि गंज."

"तेच म्हणते मी. मेला फडक्याने निघेना. जुना दातांचा ब्रश घेतला, तेव्हा कुठे सुटला."

"तो मी लावला होता."

"काय लावलं होतं?"

"गंज."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं.

"आणलात कुठून?"

"विकत मिळतो. बाटलीत. जुना गंज वेगळा, ताजा गंज वेगळा."

"आणि काजळी?"

"तीही."

"धूळसुद्धा?"

मी गप्प बसलो. धुळीच्या चार छटा आहेत माझ्याकडे.

"अहो, पण वाफेचं इंजिन ना हे? चार दिवस चालवा की. आपोआप काळं होईल."

"यात वाफ नाही मावशी. मोटर आहे."

"म्हणजे विजेचं."

"दिसायला वाफेचं."

"म्हणजे वाफ खोटी, काजळी खोटी, गंज खोटा," मावशी बोटांवर मोजत म्हणाल्या, "आणि खरोखरचं काय ते माझं पुसणं, तर त्याचा तुम्हाला राग."

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते लांबलचक आहे. खऱ्या वाफेवर चालणारी मॉडेलंही असतात, ब्युटेन गॅसवर बॉयलर तापवणारी. ती ३२ मिलिमीटर अंतरावरच्या रुळांवर धावतात. १६ मिलिमीटरला एक फूट या हिशोबाने ते बरोब्बर दोन फुटी नॅरोगेज होतं. धुराड्यातून तेलकट पाणी थुंकत ती स्वतःच मळतात, त्यांना बाटल्या लागत नाहीत. माझा खेळ ९ मिलिमीटरच्या रुळांवरचा, १:७६.२ प्रमाणात. गुणाकार केला तर खऱ्या जगात ६८६ मिलिमीटर येतात. वेल्समधल्या १८६५ सालच्या टॅलिलिन रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर नेमकं तेवढं. दार्जिलिंगचं ६१०, या प्रमाणात ८. म्हणजे माझ्या इंजिनाखालच्या रुळांमधलं अंतर एक मिलिमीटर जास्त आहे. हे मला एका जाणकारांनी भर प्रदर्शनात, चार लोकांसमोर सुनावलं होतं. मी म्हटलं, ही रेल्वेच मुळात कुठे नाही, मी मनाने रचलेली आहे. ते म्हणाले, "हो, पण चूक ती चूकच." जी गोष्ट जगात नाही, तीही मला धड जमत नाही! आणि हे बोलणारे आमच्याच पंथातले. मग मावशींना काय बोलावं?

खरं सांगायचं तर मावशींचा राग आलेला नाही. थोडा आलाय. पण जास्त आलाय तो घरच्यांचा. त्या संध्याकाळी एकेक जण फळीपाशी थांबून म्हणून गेला, "अरे वा, छान दिसतंय आता." आता! दोन महिने तेच इंजिन तिथेच उभं होतं. एक दिवस कुणी मान वळवली नाही. मी एखादं चित्र काढलं असतं, तर त्यातले ढग ओल्या फडक्याने पुसायला कुणी धजलं असतं का? चित्राला हात लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या कामाला मात्र खेळणं म्हणतात, आणि खेळणं म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला त्याच्यावर हक्क.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मावशींनी चाकंही घासली होती. या इंजिनांना वीज रुळांवरून चाकांतूनच मिळते, त्यामुळे चाकांवर जरा मळ बसला की ती अडखळतात. माझं इंजिन वळणावर हमखास रुसायचं. आता पाण्यासारखं जातं. हे मावशींना कळता कामा नये.

"आणि हो," मावशी म्हणाल्या, "तो पुढचा माणूस."

माझ्या पोटात गोळा आला.

"ब्रश लागला तसा सुटला तो. म्हटलं, बरंच झालं. इंजिनाच्या तोंडावर बसवतात का कुणाला?"

"मावशी, त्याची जागाच ती. ओल्या रुळांवर चाकं घसरतात, म्हणून तो रेती टाकतो. दार्जिलिंगला खरोखरची माणसं बसायची अशी."

"बसत असतील. म्हणून तुम्हीही बसवायचा? कुणाचा तरी लेक असेल तो. आत घेतला मी त्याला. तुमच्याच खणातल्या त्या डिंकाने पक्का बसवलाय, आता पडायचा नाही."

तो डिंक म्हणजे सुपरग्लू. सोडवायला द्रावण लावलं तर कॅबचा रंगही निघून येईल. त्यामुळे तूर्त तो आतच आहे, ड्रायव्हरच्या मांडीवर, आणि त्याचा रेती टाकायचा हात बरोबर ड्रायव्हरच्या तोंडासमोर आलाय.