गारुडी, भगत आणि फुरसं

महाराष्ट्रातल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यावरचा वाद अजून शमलेला नाही. कुणी म्हणतं, हा श्रद्धेवरचा घाला; कुणी म्हणतं, शिक्षा वाढवा. इंग्लंडात बसून हे वाचताना वाटतं, दोघांनीही आधी ‘गारुडी’ हा शब्द उलगडून बघावा.

आज गारुडी म्हटलं की पुंगी, मुंगूस आणि पोतडी. मूळ मात्र उपचारातलं. गरुड सापांचा वैरी, म्हणून विषावरचा मंत्र संस्कृतात ‘गारुड’ आणि तो जाणणारा ‘गारुडिक’. (पाचूलाही गारुत्मत म्हणत, तो विष मारतो या समजुतीने.) विष उतरवणारा पुढे साप खेळवणारा झाला, मग हातचलाखीवाला. इंग्रजीतला ‘कंजरर’ही याच वाटेने आला: आधी शपथ घालून भुतं बोलावणारा, नंतर टोपीतून ससा काढणारा. इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, 1951 च्या कायद्याने मृतात्म्यांशी बोलण्याचं सोंग आणून पैसे उकळणाऱ्यांना शिक्षा सांगितली आणि निव्वळ करमणूक त्यातून वगळली. 2008 मध्ये तो रद्द होऊन हा विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांत गेला.

आपल्या कायद्याची रेघही स्पष्ट आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा; कैद 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 ते 50 हजार. गुन्हा मंत्राचा नाही, उपचार रोखण्याचा आहे. घाला-घाला ओरडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात याला धार येते ती कातळसड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, फुरसं या विषारी सापामुळे. मंत्राला यश का येतं? दिवड, धामण बिनविषारीच. विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. तिथे विष ‘उतरतं’च. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं, पण ते दिसायला काही तास जाऊ शकतात. जागा सुजते, माणूस चालता-बोलता असतो, मंत्र घालणारा भगत ‘उतरलं’ म्हणून सांगतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त सुरू होतं.

ओळखायची चाचणी अगदी साधी. 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच असेल तर प्रतिविष, सुरुवातीला साधारण 10 कुप्या. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि प्रतिविष उगाच टोचलं जातं. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून घरी सोडायचं नाही. चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

विंचवाचा मंत्र मागे पडायलाही औषधच लागलं: महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची साधी गोळी वापरून दाखवली. म्हणून शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, सड्यालगतच्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता काचेची नळी, प्रतिविष आणि ते द्यायला डॉक्टर आहे का? भगत तर वाडीतच असतो.