पार्ल्याची सावली कुणी वाढवली?

आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या पर्जन्यवृक्षाच्या खोडावर पालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली. इमारतीच्या पुनर्विकासात आड येणारी झाडे तोडण्याची परवानगी मागितली आहे. त्याच सावलीत उभे राहून दोन शेजारी नव्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाचा हिशेब करत होते. तेव्हापासून डोके तापले आहे.

विलेपार्ल्याला झाडी आपसूक लाभली, असे बोलणाऱ्यांचा मला राग येतो. माणसे इथे राहायला आली, तेव्हा त्यांनी घरांबरोबर गावही उभे केले. टिळक १९२० मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाची शाळा निघाली. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि फोर्टात नोकरी करून पार्ल्यात राहणे कारकुनालाही जमू लागले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांची छावणी इथेच होती. अंगण राखून, कुंपणाकडेने आंबा, जांभूळ, बकुळ लावणारी माणसे याच काळातली.

माझे वडील त्या मंडळींच्या पुढच्या पिढीतले. मे महिन्यातही चर्चगेटची स्लो पकडायला निघताना त्यांची छत्री मिटलेलीच असे. ती उघडे ती थेट चर्चगेटला उतरल्यावर. आज तोच रस्ता छत्री मिटून चालून दाखवावा कुणीतरी.

मान्य आहे, जुन्या इमारती गळतात आणि त्यांना लिफ्ट नाही. शेवटच्या आजारपणात वडिलांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणताना मीही मनातल्या मनात बिल्डरची वाट पाहिली होती. पण लिफ्ट हवी म्हणून कुंपणापर्यंत खोदायलाच हवे का? विमानतळ शेजारी असल्यामुळे इथे उंच जाता येत नाही, म्हणून इमारती आडव्या पसरतात. खाली पार्किंगचे तळघर येते आणि वर कुंड्यांतली चार शोभेची झाडे ठेवून त्याला लँडस्केपिंग म्हणतात. मोठ्या झाडाला मुळे पसरायला माती लागते, आणि ती माती ट्रकमधून केव्हाच निघून गेलेली असते. बदल्यात रोपे लावू, असे प्रत्येक बिल्डर सांगतो. कुठे लावली आणि त्यांतली किती जगली, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले?

बिल्डरला शिव्या देणे सोपे आहे, पण सह्या आपणच करतो. व्याख्यानमालेला पहिल्या रांगेत बसणारे, मुलांना निसर्गशिबिराला पाठवणारे आपण लोक, सर्वसाधारण सभेत झाडांचा विषय निघाला की घड्याळाकडे बघतो. वडील असते तर रागावले नसते. सभेत उभे राहून त्यांनी नकाशा मागितला असता, इमारत थोडी मागे सरकवता येते का, एवढेच शांतपणे विचारले असते, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसले नसते.

मघाशी राग बराच होता. लिहिता लिहिता थोडा उतरला. त्या दोघा शेजाऱ्यांनाही मी उद्या फोन करणार आहे, कारण त्यांच्या आयांनी आम्हा सगळ्या पोरांना त्याच झाडाखाली खेळू दिले होते. हरकतीचा अर्ज लिहून ठेवला आहे. नोटिशीवरची मुदत संपण्याआधी तो वृक्ष अधिकाऱ्यांकडे पोहोचायला हवा. पूर्वेकडच्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी उद्या संध्याकाळी घरी यावे, आणि येताना आपापल्या सोसायटीच्या नव्या नकाशाची प्रत घेऊन यावे.