सोयाबीन खाल्ल्याने पुरुषांत स्त्री हार्मोन वाढतं? खुलासा

सोया चंक्स खाल्ल्याने पुरुषांची छाती वाढते, असा मेसेज फिरतो आहे. त्यात खरं एवढंच, की सोयाबीनमधलं जेनिस्टीन हे नैसर्गिक रसायन पेशीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. पण ते इस्ट्रोजेन नव्हे. शरीरातल्या इस्ट्रॅडिओल या मुख्य इस्ट्रोजेनपुढे त्याचा जोर अगदीच किरकोळ. पुरुषांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१० आणि २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा सोयामुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटलेलं दिसलं नाही. छाती वाढल्याची अमेरिकेतली एक नोंद आहे खरी, पण तो गृहस्थ रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता! आणि सोयाबीनच्या रिफाइंड तेलात तर जेनिस्टीन जवळपास नसतंच.