व्हिडिओ बघण्याच्या ‘सोप्या’ नोकरीबद्दल खुलासा
‘घरबसल्या व्हिडिओ बघा, नको ते काढून टाका, डोक्याला ताप नाही; आधी नोंदणी फी भरा’ असा संदेश लातूर, नांदेड, परभणीकडच्या भरतीच्या ग्रुपवर फिरतोय. कंटेंट मॉडरेटरचं, म्हणजे सोशल मीडियावरचा घातक मजकूर तपासून काढून टाकायचं काम खरं आहे, पण हे वर्णन खोटं आहे.

मॉडरेटरपुढे येतात ते लोकांनी तक्रार केलेले किंवा यंत्राने बाजूला काढलेले व्हिडिओ: मारहाण, आत्महत्या, लेकरांवरचे अत्याचार. शिफ्टभर एकामागून एक बघायचं आणि झटपट निर्णय द्यायचा. याने माणूस मनाने आजारी पडू शकतो. अमेरिकेतल्या मॉडरेटरांनी अशाच मानसिक त्रासाबद्दल कोर्टात केलेल्या दाव्यात फेसबुकने २०२० मध्ये ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं.

तरी या कामाला माणूस लागतोच. आपल्याकडच्या बोलीतली थट्टा कुठली नि धमकी कुठली, हे यंत्राला नीट कळत नाही. म्हणूनच पगार, विश्रांती आणि समुपदेशन मागायचा मॉडरेटरांना पूर्ण हक्क आहे. २०२३ मध्ये केनियातल्या नैरोबीत दीडशेवर मॉडरेटरांनी आपली कामगार संघटना उभी करायचा ठराव केला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

नोकरीसाठी आधी पैसे मागितले, तर भरू नका. भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. हे काम करताना झोप उडाली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.