धूर दिसल्यावर जमिनीवरही वेळ थोडाच असतो

उभ्या विमानाच्या केबिनमध्ये धूर दिसताच घसरपट्ट्या उघडून प्रवाशांना उतरवणे ही कर्मचाऱ्यांची घाई होती, हे एका लेखात मांडलेले मत मला पटत नाही. १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधमध्ये सौदिया या सौदी विमान कंपनीचे विमान आग लागलेली असतानाही सुखरूप उतरले होते. परंतु थांबल्यानंतरही इंजिने काही मिनिटे चालूच राहिली, दारे वेळेत उघडली गेली नाहीत आणि विमानातील सर्व ३०१ जण दगावले. १९८५ साली मँचेस्टरला उड्डाणापूर्वीच पेटलेल्या विमानात ५५ जण गेले, तेही बहुतांशी विषारी धुराने. घसरपट्टीवर एखाद्याचा पाय मोडू शकतो, हे मान्य. पण त्याची धुराशी तुलनाच होऊ शकत नाही.

आम्ही सांगलीकर विमानासाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठतो, आणि मुलांकडे नेण्याचा बेदाणा-हळदीचा डबा वरच्या कप्प्यात असतोच. धूर दिसून उतरायची वेळ आली तर तो तिथेच सोडावा, असे मी निघणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला कळकळीने सांगते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून सर्व ३७९ जण बाहेर पडले, त्यात सामान न उचलण्याच्या शिस्तीचा मोठा वाटा होता. शिवाय बसल्याबरोबर जवळचे दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवावे, कारण दाट धुरात वाकून, हाताने आसने चाचपतच तिथवर पोहोचावे लागते.